आकडा 112, तरीही थरथर

मधुमेही ज्येष्ठांच्या घरात एक प्रसंग वारंवार घडतो. सकाळी अकराच्या सुमारास आजींचे हातपाय गळतात, तळहाताला घाम फुटतो, छातीत धडधडते, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते. "साखर उतरली गं, काहीतरी गोड दे," असे त्या म्हणतात. सून धावत ग्लुकोमीटर आणते. आकडा येतो 112. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "आई, तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच मनावर घेता." आजी गप्प होतात; थरथर मात्र चालूच असते.

येथे यंत्र खोटे नाही आणि आजीही खोट्या नाहीत. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली, की ती कमी समजतात. शरीर मात्र हा आकडा पाहून वागत नाही. ते आपल्या सवयीशी तुलना करते. ज्यांची साखर महिनोन्महिने 250 ते 300 च्या घरात राहिली, त्यांच्या मेंदूने तीच पातळी नेहमीची म्हणून स्वीकारलेली असते. औषध बदलल्यावर, इन्सुलिन सुरू झाल्यावर किंवा पथ्य कडक पाळल्यावर ती झपाट्याने 110 वर आली, की शरीर धोक्याची घंटा वाजवते. अॅड्रिनलिन स्रवते आणि घाम, कंप, धडधड ही लक्षणे खरोखरच उमटतात. मे महिन्यातील सोलापूरची सवय झालेला माणूस महाबळेश्वरला गेला, की तेथील लोकांना सुखद वाटणारी हवा त्याला बोचते, तसेच हे. डॉक्टर याला सापेक्ष हायपोग्लायसेमिया म्हणतात. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी व्यक्तींना अशी लक्षणे सरासरी 53 मिलिग्रॅमला जाणवली, तर मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना 78 लाच. ही झाली सरासरी; काहींना शंभराच्या वरही त्रास होतो.

खरी हानी होते ती यानंतर. आजींना पेढा किंवा साखरेचा चहा मिळतो, साखर 200 च्या पलीकडे जाते आणि त्यांना बरे वाटते. दोन-चार वेळा असे झाले, की "मला दोनशेच मानवते" असा ठाम समज होतो. पुढे एखादी गोळी गुपचूप उशीखाली जाते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी 11 आली, तर त्याचा अर्थ सरासरी साखर सुमारे 270 होती. तेथून 112 म्हणजे निम्म्याहून कमी. शरीराला ही नवी पातळी अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, आणि तेवढा काळ साखर स्थिर राहिली तर ही लक्षणे बहुधा ओसरतात. रोज गोड खाऊन त्यांना शमवत राहिले, तर ती सवय कधीच मोडत नाही. त्रास फारच होत असेल तर साखर अधिक सावकाश उतरवता येते; पण तो निर्णय डॉक्टरांचा.

तथापि आकडा चांगला आणि थरथर आहे, म्हणजे हेच कारण, असे मात्र गृहीत धरू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी कमी पडले, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली, तर उठताना रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. थंड घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे यांपैकी काही दिसले, तर आकड्यांचा हिशेब सोडून थेट रुग्णालय गाठावे.

आकडाही एकदा पारखून घ्यावा. डाळिंब सोलून हात न धुता बोट टोचले, तर त्वचेवरील रसामुळे यंत्र वाढीव आकडा दाखवते. खरी साखर 65 असताना 120 दिसू शकते. सोलापुरात डाळिंब घरोघरी, म्हणून हे मुद्दाम सांगितले. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासावे. पट्ट्यांची डबी उन्हात किंवा उघडी ठेवू नये.

आकडा 70 च्या खाली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल, तर घरची साखर लवकर पचत नाही. तेथे ग्लुकोज पावडरच हवी. यंत्र हाताशी नसेल, तर साखर कमीच आहे असे धरून चालावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. आकडा 70 ते 100 असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर अजून उतरत असण्याची शक्यता असते. अर्धा कप दूध किंवा चतकोर भाकरी शेंगाचटणीबरोबर द्यावी. शंभराच्या वर असेल तर बसवावे, पाणी द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. पेढा नको. जवळ बसून हात धरला, तर तेवढा वेळ निघतो.

उलट बाजूही आहे, आणि ती अधिक घातक. ज्यांची साखर वारंवार फार कमी होते, त्यांची धोक्याची घंटाच बंद पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि कंप झाकतात. घाम मात्र येतो. अशा आजोबांची साखर 55 झाली, तरी ते फक्त चिडचिडे होतात, तेच तेच बोलतात किंवा भलत्या वेळी झोपतात. आषाढीचा उपवास आणि नेहमीची गोळी हा योग तर टाळावाच. येथे "मला काही होत नाही" यावर विसंबू नये. 70 च्या खालचा आकडा दिसताच साखर द्यावी.

डॉक्टरांकडे जाताना वहीत चार रकाने करून न्यावेत: वेळ, लक्षण, आकडा, आधी काय खाल्ले. वयोवृद्ध आणि अनेक व्याधी असलेल्यांसाठी एचबीएवनसीचे उद्दिष्ट 8 च्या आसपासही चालते; ते किती ठेवायचे, हे या वहीवरून ठरवणे सोपे जाते. सोबत गोळ्यांची सारी पाकिटे न्यावीत, उशीखालची धरून.