फसला म्हणून मूर्ख?

ऑर्किड आणि गांधीलमाशीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण एकच सूर लावतात: फूल महाधूर्त आणि गांधीलमाशीचा नर ठार मूर्ख. मादी समजून फुलाला बिलगतो, पदरात काहीच पडत नाही, वर फुलाचे पराग फुकट वाहून नेतो. श्रोते हसतात, गोष्ट संपते.

या समजुतीचं मूळ जुनं आहे. श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकानं १७९३ साली लिहिलं की काही ऑर्किडच्या फुलांत मकरंद नसतोच, ती कीटकांना नुसती झुलवतात. डार्विननं १८६२ च्या आपल्या ऑर्किडवरच्या पुस्तकात हे मानायला नकार दिला. एवढी मोठी लबाडी खपते म्हणायचं, तर मधमाश्यांसारख्या कीटकांची अक्कलही फारच बेताची धरावी लागेल, असं त्याचं म्हणणं. पुढे लबाडी खरी ठरली. १९१६ मध्ये अल्जीरियातल्या ऑफ्रिस ऑर्किडवरची आणि १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात ईडिथ कोलमन यांनी क्रिप्टोस्टायलिसवर केलेली निरीक्षणं प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे नर फुलाशी मीलनाचा प्रयत्न करत होते. डार्विन चुकला, पण त्याचं गृहीतक टिकलं: जो फसतो तो मठ्ठ. माझा विरोध आहे तो याच गृहीतकाला.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं ड्रॅकिया ऑर्किड घ्या. वाळूला चिकटलेलं एकच पान, बारीक दांडा, टोकाला एकच फूल. त्याची ओठासारखी पाकळी काळपट, खडबडीत, केसाळ आणि बिजागरीवर हलणारी. या फुलाला फसतो तो थायनिड गांधीलमाशीचा नर. या माशीच्या मादीला पंख नसतात. ती जमिनीतून वर येते, काडीवर चढून गंध सोडते. नर येतो आणि तिला उचलून उडतो. पाकळीही तो अशीच उचलायला जातो. बिजागरी फिरते आणि तो उलटा होऊन पाठीनं फुलाच्या स्तंभावर आपटतो. परागपिंड पाठीला चिकटतात. पुढच्या फुलावर तसाच आपटला की काम झालं.

यात नराची चूक कुठली? ऑस्ट्रेलियातल्याच कायलोग्लॉटिस ऑर्किडचा गंध २००३ मध्ये उलगडला, तेव्हा दिसलं की फूल मादीचाच रासायनिक पदार्थ बनवतं, तोच, जसाच्या तसा. प्रयोगशाळेत बनवलेला तो पदार्थ लावलेल्या काळ्या मण्यांकडेही नर झेपावले. म्हणजे गंध ओळखण्यात नर चुकलेला नाहीच. शिवाय माद्या मोजक्या, नर पुष्कळ. लोकलमधली जागा खरंच रिकामी आहे का, अशी चौकशी करत बसणारा उभाच राहतो. फसलेल्या नराचे काही क्षण वाया जातात. खात्री करत बसलेल्याची मादी दुसराच नेतो.

बरं, तो शिकत नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. नव्या जागी फुलं ठेवली की पहिल्या काही मिनिटांत नरांची झुंबड उडते, मग ओसरते. तीच फुलं थोडी दूर नेली की पुन्हा येतात. जिथे फसलो ती जागा नर टाळतो. आणि गंमत अशी की ऑर्किडला हेच हवं असतं. कायलोग्लॉटिस एकाच रोपापासून ताटवे वाढवतं. नर खरोखर मठ्ठ असता, तर त्याच ताटव्यात घुटमळला असता आणि पराग घरच्या घरीच राहिले असते. फसल्यावर शहाणा होऊन तो दूर जातो, म्हणून पराग परक्या रोपापर्यंत पोहोचतात.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. क्रिप्टोस्टायलिसवर नर वीर्यही सांडतात, हे २००८ मध्ये नोंदलं गेलं. हा तोटा खराच. पण गांधीलमाश्यांत मीलनाविना घातलेल्या अंड्यांतून नर जन्मतात, तेव्हा मादीचा वंश खुंटत नाही. उलट फसायला नवे नर तयार होतात, असं अभ्यासक मांडतात.

हा वाद नुसत्या अक्कलहुशारीपुरता नाही. नर विदूषक ठरला की संवर्धनाच्या यादीत फूल चढतं आणि माशी गळते. पण ड्रॅकियाच्या दहाही जाती अशा गांधीलमाश्यांच्याच भरवशावर आहेत, आणि या माश्यांच्या अळ्या पोसल्या जातात जमिनीतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर, म्हणजे आपल्या उसातल्या हुमणीच्या भाऊबंदांवर. म्हणून तिथले अभ्यासक लागवडीआधी खुडलेलं फूल बाटलीत घालून त्या जागी नेतात आणि नर येतो का, याची वाट पाहतात. नर आलाच नाही, तर तिथे लावलेली रोपं फुलतील, पण त्यांना बी धरणार नाही.