कुंडीतला वड, किनाऱ्यावरचे काळवीट

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांना निसर्गाची विलक्षण आवड. त्यांनी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढून घेतली. राजवाडा नसला तरी निरखून पाहण्याचा हा छंद आपल्यालाही जोपासता येतो.

सुरुवात गच्चीवरच्या बोन्सायपासून करा. वड, पिंपळ किंवा उंबराचे रोप उथळ कुंडीत लावा. तंजावरच्या कडक उन्हाळ्यात कुंडीतली मूठभर माती पाहता पाहता सुकते. एक दिवस पाणी चुकले, तर काही वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. फांदीला वळण देणारी तारही सालीत रुतण्याआधी सोडावी लागते. म्हणून झाडाकडे रोज नीट पाहायला हवे.

अशी नजर तयार झाली, की कोडिक्कराईला जा. १९६७ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यात होते, आता नागपट्टिनममध्ये आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात, माळावर काळवीट चरतात. मात्र दुर्बिणीतून, लांबूनच पाहा. जवळ गेल्यास थवा चरणे सोडून उडतो.

तंजावरच्या किनाऱ्यालगत पाल्कच्या उपसागरात समुद्रगायही आहे. तिच्यासाठी २०२२ मध्ये देशातले पहिले राखीव क्षेत्र जाहीर झाले. समुद्रतळाचे गवत हेच तिचे अन्न. ते उखडले गेले, तर तिची उपासमारच.

कुंडीतला वड आपल्या हातावर जगतो. समुद्रगाय आणि काळवीट जगतात, ते आपण हात आवरला तर. मुलांना दोन्ही शिकवा.