परमुलखांतील वाहन-परवाना

मुलगा वा मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीस जावयास निघाली, कीं घरांतील वडील मंडळींस काळजी लागते ती जेवणाची आणि थंडीची. गोडा मसाला व लोंकरीचे कपडे पेटींत भरले जातात. पुण्यांत काढलेला मोटारीचा परवानाही पाकिटांत जातो. आणि दहा वर्षें गाडी चालविणाऱ्यास त्या बाबतींत कांहीं शिकावयाचें उरलें असेल, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु सहा महिने उलटले, कीं अडचण उभी राहते ती नेमकी याच कागदाची. म्हणून या महिन्यांत आम्हीं हा विषय घेतला आहे.

नियम असा आहे : जर्मनींत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेपर्यंत भारतीय परवान्यावर गाडी चालवितां येते; मात्र त्याचें जर्मन भाषांतर जवळ असावें लागतें. वर्षाच्या आंत परत जाणार असल्याचें दाखवून दिल्यास ही मुदत वाढवून मिळूं शकते. मुदत संपली, कीं तो परवाना त्या देशापुरता निरुपयोगी. त्यानंतर गाडी चालविणें हा किरकोळ नियमभंग नव्हे, फौजदारी गुन्हा आहे; आणि त्यास दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास ही शिक्षा आहे. ज्याचें परदेशांतील राहणें तेथील सरकारच्या परवानगीवर अवलंबून आहे, त्यास असा डाग किती महाग पडेल, हें सांगावयास नको.

जपानसारख्या कांहीं देशांचा परवाना तेथें परीक्षेवांचून बदलून मिळतो. त्या यादींत भारत नाहीं. त्यामुळें आपल्या माणसास लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच, कीं नवशिक्याप्रमाणें ठराविक संख्येचे पाठ घेण्याची सक्ती त्याच्यावर नाहीं. तथापि प्रत्यक्ष परीक्षा शिक्षकाच्या सोबतीनेंच द्यावयाची असल्यामुळें मोटार-शाळेंत नांव घालणें चुकत नाहीं. आणि शहाण्यानें चार-सहा पाठ घ्यावेतही.

अर्जासोबत डोळ्यांच्या तपासणीचा दाखला, छायाचित्र, परवान्याचें भाषांतर आणि प्रथमोपचाराच्या वर्गाचा दाखला लागतो. हा वर्ग ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा असतो. अपघातांत सांपडलेल्यास हात कसा लावावा हें ठाऊक नसलेल्यानें रस्त्यावर गाडी आणूं नये, ही त्यामागील दृष्टि आपणही घेण्यासारखी आहे. लेखी परीक्षेंत ३० प्रश्न असतात. ती इंग्रजींतून देतां येते. मराठी वा हिंदीची सोय नाहीं. चुकीचे गुण १० पेक्षां अधिक झाले, कीं उमेदवार नापास. पांच गुणांचे दोन प्रश्न चुकले तरीही नापास. प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची असून ती जर्मन भाषेंत होते. निदान उजवें, डावें, सरळ, थांबा एवढे शब्द कानांस सरावाचे हवेत. शेवटीं जर्मन परवाना हातीं पडतो, तो भारतीय परवाना स्वाधीन केल्यावरच. म्हणून त्याची नक्कल आधींच करून ठेवावी.

एक पळवाट मात्र कोणी सुचवूं नये. जर्मनींत वास्तव्य झाल्यावर सुटींत घरीं येऊन येथला परवाना काढला, तर तो तेथें मुळींच मानला जात नाहीं.

आतां प्रश्न उरतो मानापमानाचा. “इतकीं वर्षें गाडी हांकली, आणि पुन्हा शाळेंत बसूं ?” असें पुष्कळांस वाटतें. पण ही परीक्षा काय शिकविते तें पाहावें. आपण डावीकडून चालवितों, ते उजवीकडून. जेथें खूण वा दिवा नाहीं, अशा चौकांत उजव्या बाजूनें येणाऱ्यास आधीं वाट द्यावयाची, मग आपली गाडी कितीही मोठी असो. वळतांना नुसतें आरशांत पाहून भागत नाहीं. मान वळवून खांद्यावरून पाहावें लागतें, कारण आरशास न दिसणाऱ्या जागेंत सायकलस्वार असूं शकतो. वस्तीमध्यें सायकलस्वारास ओलांडतांना दीड मीटर अंतर राखावयाचें. जुना हात येथें आडवा येतो. जो अधिक सरावलेला, तोच पुष्कळदां या गोष्टी विसरतो.

तेथील मोटार-शाळांतून एक हिशेब शिकवितात, तो तर प्रत्येक घरांत सांगण्यासारखा आहे. ताशीं किलोमीटरांच्या वेगास दहानें भागावें. येणाऱ्या आंकड्याची तिप्पट केली, कीं धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी किती मीटर पुढें जाते तें कळतें. त्याच आंकड्याचा वर्ग केला, कीं ब्रेक लागल्यावर ती किती मीटर घसटत जाते तें कळतें. ताशीं ३० च्या वेगास ९ आणि ९ मिळून १८ मीटर. ताशीं ५० च्या वेगास १५ आणि २५ मिळून ४० मीटर. म्हणजे २० मीटरांवर एखादें मूल चेंडूमागें धांवत आलें, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. दुसरीचा ब्रेक लागतो तेव्हां मूल अवघ्या ५ मीटरांवर असतें. जर्मन शहरांतील घरांमधल्या गल्लींत ३० च्या वेगाची मर्यादा पुष्कळ ठिकाणीं असते, तिचें कारण या हिशेबांत आहे. एवढें समजण्यासाठीं पुन्हा शाळेंत बसावें लागलें, तर त्यांत अपमान कसला ?

आणखी एक गोष्ट भगिनींसाठीं. पति नोकरीवर जावयाचा म्हणून परीक्षा त्यानें द्यावी, पत्नीची मग पाहूं, असें बहुतेक घरीं ठरतें. परंतु सहा महिन्यांची मुदत तिच्याही परवान्यास लागू असते, आणि लहान गांवीं, बर्फाच्या दिवसांत, ताप आलेल्या मुलास दवाखान्यांत नेण्याची पाळी पुष्कळदां तिच्यावरच येते. बर्था बेंझ ही गृहिणी १८८८ च्या ऑगस्टमध्यें आपल्या दोन मुलांस घेऊन पतीनें बनविलेल्या मोटारींतून मानहाइमहून फोर्ट्झहाइमला गेली, आणि वाटेंत इंधन संपत आलें तेव्हां तें तिनें औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाचा मान ज्या देशांत एका आईकडे जातो, तेथें आपल्या सुनेनें मागच्या आसनावर बसून राहण्याचें कारण नाहीं. दोघांचे अर्ज एकदमच जावेत.

वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच. मुलांकडे पाहुणे म्हणून गेल्यावर “गाडी काढ, कोण विचारतो ?” असा आग्रह कधींही धरूं नये. आगगाडीनें फिरावें; चार दिवस अधिक लागतील, एवढेंच. आणि पुढच्या वेळीं फोनवर बोलतांना थंडी आणि जेवण यांच्या जोडीला हेंही विचारावें, कीं “परवान्याचा अर्ज केलास ना ?”