वही मुलांची, गोष्टी आजीच्या

गॅदरिंग जवळ आलं की घरोघरी एकच धावपळ. मुलीला शेतकरीण व्हायचंय! मग नऊवारी भाड्यानं आणा, डोक्यावर टोपली द्या, हातात खोटा विळा द्या. पाच मिनिटांचा नाच होतो, टाळ्या पडतात, मोबाइलवर व्हिडिओ निघतो. आता याच मुलीला विचारा, ‘उलंगवाडी म्हणजे काय गं?’ ती आपल्या तोंडाकडे बघत राहते. पऱ्हाटीचा शेवटचा वेचा होऊन हंगाम संपला, की आपल्या वऱ्हाडात हा शब्द निघतो. शेत गावाला लागून, आणि शब्द मात्र परका.

मैत्रिणींनो, यात पोरांचा काय दोष? आपणच त्यांना शेतापासून लांब ठेवलं. कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. नापिकी, कर्ज, पडलेले भाव आपण जवळून पाहिलेत. ‘अभ्यास कर, नाहीतर शेतात राबावं लागेल,’ असा धाक कधीच न घातलेली आई बुलडाणा जिल्ह्यात शोधावी लागेल. पण या धाकात शेताबरोबर आजीची बोली, तिच्या गोष्टी, तिची गाणी, सारंच मागासलेलं ठरून गेलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस बिनदप्तराचे सुचवलेत. मुलांनी बाहेर पडावं, गावातल्या कारागिरांकडून काही शिकावं, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण त्या दिवसांत मुलं करणार काय? पुन्हा चार्ट पेपरवर चित्रं चिकटवणार? आणि तीही रात्री जागून आईच चिकटवणार?

याचं एक छान उत्तर आयर्लंडमध्ये सापडतं. इवलासा, त्या काळी शेतीवर जगणारा देश. मोठा दुष्काळ सोसलेला, आणि इंग्रजीपुढे स्वतःची भाषा मागे पडलेली. १९३७ मध्ये तिथल्या लोकसाहित्य आयोगानं शिक्षण खातं आणि शिक्षक संघटनेला सोबत घेतलं आणि प्राथमिक शाळेतल्या मोठ्या मुलांना निबंधाऐवजी वेगळंच काम दिलं. घरी जा, आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. गावातली जुनी विहीर, भुताखेतांच्या जागा, घरगुती औषधं, खेळ, पावसाचे आडाखे, लोणी काढायची रीत, काहीही. दीड-दोन वर्षांत सुमारे ५,००० शाळांतल्या जवळपास ५०,००० मुलांनी वह्या भरल्या. आज तो ठेवा डब्लिनच्या विद्यापीठात आहे, नेटवर कुणालाही वाचता येतो. त्या पिढीतली पुष्कळ मुलं पुढे पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेली. वही लिहिली म्हणून ती गावात अडकली नाहीत. जाताना गाव सोबत घेऊन गेली, एवढंच.

मग आपल्या मुलांच्या वहीत काय येईल? लोणारपासून सुरुवात करा. लवणासुर नावाचा दैत्य इथं राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं, ही कथा आणि दैत्यसूदनाचं मंदिर आजीला पाठ असतं. मुलांना शाळेत कळतं की हे उल्का आदळून झालेलं विवर आहे, काळ्या बेसॉल्ट खडकातलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. डाव्या पानावर कथा लिहू दे, उजव्या पानावर शास्त्र. दोन्ही वाचून मुलं फरक आपोआप ओळखतात.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळचंही तसंच. अक्षय तृतीयेला शेतात घट आखून १८ धान्यं मांडतात, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते याला हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. पेरणी करायची ती जमिनीतली ओल आणि हवामान खात्याचा अंदाज बघूनच. पण भाकीत वहीत उतरवून ठेवायला काय हरकत आहे? दिवाळीला मुलांनीच ताळा करावा, काय खरं ठरलं आणि काय नाही. आणि घटातली अंबाडी, भादली, जवस, करडी ही धान्यं किती जणांना ओळखता येतात? जिकडेतिकडे सोयाबीन झाल्यावर ती बघायला तरी कुठे मिळणार?

आणि आपली भुलाबाई! भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणायच्या, झाकलेला खाऊ ओळखायच्या. त्या गाण्यांत सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे. लेकीनं गाणी नुसती पाठ करू नयेत. ‘आजी, असलं दुःख तुम्ही हसत कसं गायचात? तुझ्या वाट्याला काय आलं होतं?’ हेही विचारावं. जे चांगलं ते पुढे न्यायचं, जे जाच करणारं ते ओळखून मागे ठेवायचं, हे शिक्षण तिला कुठल्याच गॅदरिंगमध्ये मिळणार नाही.

खर्च काय, तर एक शंभर पानी वही. आठवड्याला एक प्रश्न. आजी बोलेल तसंच वऱ्हाडीत लिहायचं, ‘शुद्ध’ करायचं नाही. आईनं एक अक्षरही लिहून द्यायचं नाही, तिनं फक्त त्या वेळी टीव्ही बंद करायचा. बिनदप्तराच्या दिवशी त्या वह्या वर्गात वाचून घ्या, असं शाळेतल्या बाईंना आपण चौघी मिळून सांगू शकतो.

मुलं पुण्याला जातील, परदेशीही जातील. जावीतच. पण आजी तोवर थांबेलच असं नाही. तेव्हा प्रश्न या रविवारीच विचारायला लावा.