संसारोपयोगी : जवळ बाळगावयाची सुरी

आमच्या जुळे सोलापुरांतील घरीं परवां पंक्तींत एक विषय निघाला, तो ताकभात संपला तरी संपला नाहीं. धाकट्या जावेचा मुलगा कृषिपदवी घेऊन यंदा सांगोल्याकडील आमच्या डाळिंबाच्या बागेंत लक्ष घालूं लागला आहे. दोरी तोडणें, खोकीं उघडणें, फळ कापून दाणा पाहणें, अशा कामांस सदैव जवळ राहील अशी सुरी त्याला हवी होती. मामंजी म्हणाले, "खिशांतला मिटता चाकू पुरे." चिरंजीवांच्या मनांत खंजिरासारखें दुधारी पातें भरलें होतें, आणि जावबाईंना सुरीचें नांवच नको होतें.

मिटत्या चाकूविषयींचें माझें मत माझ्या तर्जनीवर लिहिलेलें आहे. बारा वर्षांपूर्वीं हुरड्याला गेलों असतां ऊस सोलतांना चाकूची कमान ढिली निघाली, पातें मिटलें आणि बोटास तीन टांके पडले. न मिटणाऱ्या सुरीस सांधाच नसतो, म्हणून ती हा दगा देत नाहीं. तिच्या खांचेंत रस आणि मातीही साचत नाहीं. मात्र तिची धार सदा उघडी असते. म्हणून म्यान असें घट्ट हवें कीं, उलटें धरून हलविलें तरी सुरी सुटूं नये.

पातें साडेतीन-चार इंचांचें आणि एकधारीच असावें. दुधारी पात्याच्या पाठीवर अंगठा टेकतां येत नाहीं, आणि अंगठा टेकल्यावांचून नाजूक काम साधत नाहीं. पात्याचें लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें असावें. अर्ध्यावर थांबलेलें पातें जोर पडतांच मुठींतून हलूं लागतें. ओल्या हातानें मूठ धरून पाहावी. घसरली तर ती सुरी परत करावी.

आतां पोलाद. साधें पोलाद दगडावर लवकर धार घेतें, पण डाळिंबाच्या सालींतील टॅनिनशीं लोखंडाचा संयोग होऊन तें काळें पडतें. जुन्या काळीं शाई याच गुणावर करीत. न गंजणाऱ्या पोलादांत शेंकडा साडेदहा किंवा अधिक क्रोमियम असतें. त्यास धार लावण्याचे कष्ट थोडे अधिक. घरीं फळें चिरण्यास मी साधेंच पोलाद पसंत करीन. बागेंत मात्र प्रश्न निराळा. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग रोगट झाडास लागलेल्या हत्यारांतूनही दुसऱ्या झाडास जातो. म्हणून दर झाडानंतर पातें सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडवावें लागतें, आणि त्या द्रावणानें साधें पोलाद फार लवकर गंजतें. आपल्या सोलापुरांत २००५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेथील सल्ला घेणें बागाइतदारास अवघड नाहीं. एका मळक्या सुरीपायीं सारी बाग गमावण्यापेक्षां धार लावण्याचे चार अधिक कष्ट बरे. न गंजणारें पातेंही द्रावणांतून काढल्यावर धुवून कोरडें करावें.

राहिली जावबाईंची भीति. ती अगदींच निराधार नाहीं. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरगुती व शेतीच्या कामासाठीं बनविलेल्या सुऱ्यांस त्यांतून सूट आहे. तथापि पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असतां शेतीची सुरीही कमरेस लावून हिंडणें शहाणपणाचें नव्हे. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या गर्दींत तर तिचें कामच काय?

शेवटीं ठरलें तें असें : सुरी एकधारी, चार इंची, न गंजणारी, तिचा मुक्काम बागेंतल्या खोलींत, शहरांत येतांना ती तेथेंच ठेवावयाची. चिरंजीव थोडे हिरमुसले. तेव्हां मामंजी म्हणाले, "खंडेनवमीस ती घरीं आण. विळी आणि अडकित्त्याशेजारीं तिचीही पूजा होईल." जावबाईंनीं मान डोलविली, आणि पंक्ति उठली.