हजेरीपटावर न येणारे कारण

बाळापूर तालुक्यातला एखादा मुलगा नववीत शाळा सोडतो तेव्हा हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि प्रकरण तिथेच मिटते. कारण विचारले तर गरिबी, कापूसवेचणी, आईबापाचे स्थलांतर अशी ठरलेली उत्तरे मिळतात. ती पुष्कळदा खरीही असतात. परंतु ‘बायल्या’ म्हणून हिणवला जाणारा मुलगा मधल्या सुट्टीत मुतारीकडे जाण्यास धजत नाही म्हणून घरी बसतो, किंवा मैत्रिणीवर जीव जडलेल्या मुलीची चिठ्ठी सापडते आणि वर्षाच्या आत तिचे लग्न उरकले जाते, हे कारण कोणी लिहीत नाही. शिक्षक लिहीत नाहीत, कारण वर्गातल्या हशात त्यांचाही वाटा असतो. पालक सांगत नाहीत, कारण गावात तोंड दाखवायचे असते.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुखवस्तूंचा आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाला त्याचे काय, असा आक्षेप आपल्याच वर्तुळात निघतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याच्या बापाची ऐपत आहे तो मुलगा दहावीनंतर पुण्याला जातो, खोली घेतो, आपल्यासारखे चार मित्र शोधतो. सतरंजी विणणाऱ्याच्या वा जिनिंगमध्ये राबणाऱ्या बाईच्या मुलाला बाळापूरचीच शाळा आहे आणि फार तर एस.टी.ने गाठायचे अकोल्याचे महाविद्यालय. शाळा सुटली की त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देणे किंवा मजुरी, एवढेच उरते. समलिंगी वा तृतीयपंथी असण्याची सर्वांत जबर किंमत गरिबाचे मूल मोजते. याला वर्गीय प्रश्न म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा: हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे. त्यांना इतिहास ऐकवावा लागेल. परका होता तो कायदा. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम इंग्रजांनी लादले. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. उलट महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून मराठीतच निघत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना, समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नालाही, त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ साली त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी हे वकीलपत्रही आठवावे.

आणि त्याच महाराष्ट्राने काय केले? २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद पाडला. त्या वेळी सत्तेवर काँग्रेस आघाडी होती, हे विशेष! पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने तृतीयपंथी बालकांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. गणवेश, स्वच्छतागृहे, शिक्षकांचे वर्तन अशा साध्या बाबी तीत होत्या. राष्ट्रीय बालहक्क आयोगानेच आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. बालकांच्या रक्षणासाठी नेमलेल्या आयोगाला बालकांपेक्षा पुस्तिकेची भीती अधिक वाटली.

कायदे मुळीच नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम आठवीपर्यंतच्या मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांपासून संरक्षण देते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ स्पष्टपणे घातला. पण तो नियम महाविद्यालयांचा. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पण त्या कायद्याची चौकट तृतीयपंथीयांपुरतीच, समलिंगी मुलामुलींना तिचा आधार नाही. नववी-दहावीचा समलिंगी मुलगा या सगळ्यांच्या मधल्या फटीत सापडतो. नव्या न्यायसंहितेने तर १ जुलै २०२४ पासून ३७७ वे कलम समूळ वगळताना आणखी एक फट पाडली: अठरा वर्षांखालील मुलाला पोक्सो कायदा तरी आहे, परंतु वसतिगृहात एकोणीस वर्षांच्या मुलावर बलात्कार झाला तर त्याला बलात्कार म्हणणारे कलमच उरले नाही.

तालुक्यातील कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला मोर्चाही लागत नाही. जिल्हा परिषदेच्या व नगरपरिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांत पक्षाचे सहानुभूतीदार आहेत. खिचडी, गणवेश आणि वर्गखोलीचे छप्पर यांवर ते भांडतात, तसेच यावरही भांडावे. सखी-सावित्री समितीची बैठक शेवटची कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतो, तक्रार अधिकाऱ्याचे नाव फलकावर का नाही, हे लेखी विचारावे. उर्दू शाळांतही हेच विचारावे, आणि तिथे दबकत विचारू नये. शिक्षक संघटनांनी वेतनश्रेणीच्या निवेदनात प्रशिक्षणाची मागणी जोडावी. वर्गात मुलाला ‘बायल्या’ म्हणून हाक मारणारा शिक्षक आपल्या संघटनेचा सभासद असला तरी त्याची पाठराखण करू नये. मुतारीच्या दाराला आतून कडी बसवण्यासाठी मात्र ना प्रशिक्षण लागते ना शासननिर्णय. समितीच्या पुढच्या बैठकीत तो ठराव पहिला घ्यावा.