४७ विरुद्ध ४४ : सर्व्हेतली ‘आघाडी’ खरी किती?

ऑक्टोबर २०१९. विधानसभेचं मतदान २१ तारखेला होतं. माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीला, पण मत यवतमाळ शहरातलं. येणार म्हणून ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून बसलेला. दोन दिवस आधी त्याच्या फोनवर एक ग्राफिक आलं. दोन उमेदवारांचे फोटो, खाली टक्केवारी, वर लाल अक्षरात ‘ताजा सर्व्हे’. मला फोन करून म्हणाला, “काहून येऊ बे? आपला माणूस तर गेलाच आहे नं.” तिकीट रद्द केलं.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर ओपिनियन पोलचे निकाल दाखवायला कायद्याने बंदी आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डला कोण अडवणार?

२४ तारखेला निकाल लागला. यवतमाळमध्ये मदन येरावार बाळासाहेब मांगुळकरांपेक्षा २,२५३ मतांनी पुढे राहिले. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, येरावारच जिंकले होते, तेही फक्त १,२२७ मतांनी. म्हणजे ही जागा सलग दोनदा एखाद-दुसऱ्या टक्क्यावर ठरली. इथे कोण पुढे आहे हे एका ग्राफिकवरून सांगणं शक्य तरी होतं का? गणित मांडून बघू. फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो.

समजा एका सर्व्हेत ४०० जणांना विचारलं. ‘अ’ला ४७ टक्के, ‘ब’ला ४४, बाकीचे इतरांकडे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण फॉरवर्ड होणारे आकडे साधारण असेच असतात.

फोन आडवा करा, कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमूळाचं बटण दिसेल. १०० ला ४०० च्या वर्गमुळाने भागा. उत्तर येतं ५. हा झाला अंदाजे मार्जिन ऑफ एरर. म्हणजे ‘अ’चा खरा पाठिंबा ४२ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो आणि ‘ब’चा ३९ ते ४९ च्या दरम्यान. या पट्ट्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. बहुतेक वेळा तो ९५ टक्क्यांचा असतो. याचा अर्थ ‘अ’ जिंकण्याची शक्यता ९५ टक्के आहे असा अजिबात नाही, हा घोळ चॅनेलवाले पण करतात. अर्थ असा की, याच पद्धतीने शंभर वेगवेगळे सर्व्हे केले आणि प्रत्येकाचा असा पट्टा काढला, तर साधारण ९५ पट्ट्यांमध्ये खरा आकडा सापडेल. आपल्या हातातला सर्व्हे त्या ९५ मधला की उरलेल्या पाचातला, ते आपल्याला कळत नाही.

आता मेन गोष्ट. आपल्याला ‘अ’ची टक्केवारी नको असते, ‘अ’ किती पुढे आहे ते हवं असतं. आणि आघाडीचं मार्जिन एकट्याच्या मार्जिनच्या जवळपास दुप्पट निघतं, कारण नमुन्यात ‘अ’चे लोक चुकून जास्त आले की ‘ब’चे आपोआप कमी येतात. दोन्ही चुका मिळून एकाच दिशेला ढकलतात. आपल्या उदाहरणात आघाडी ३ टक्के, अधिक-उणे ९. म्हणजे ‘अ’ १२ टक्क्यांनी पुढे असू शकतो किंवा ६ टक्क्यांनी मागे. बातमी मात्र होते, ‘अ आघाडीवर’.

हेच उलट बाजूनेही विचारता येतं, त्याला हायपोथेसिस टेस्ट म्हणतात. आधी धरून चालायचं की दोघं अगदी बरोबरीत आहेत. मग विचारायचं, बरोबरी असतानाही ४०० जणांच्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने ३ टक्के किंवा त्याहून जास्त फरक किती वेळा दिसेल? उत्तर येतं, शंभरातून सुमारे ५३ वेळा. ही झाली पी-व्हॅल्यू, ०.५३. नाणेफेकीसारखंच झालं की! रूढ पद्धत अशी की ही शक्यता शंभरात पाचाच्या खाली गेली तरच ‘फरक खरा वाटतो’ म्हणायचं. ३ टक्क्यांच्या आघाडीबद्दल तसं म्हणायला ४०० नाही, जवळपास ३,९०० लोकांना विचारावं लागेल.

आणि २०१९ चं यवतमाळ? पहिल्या दोघांची मतं मिळून दीड लाखाच्या वर, त्यात २,२५३ चा फरक म्हणजे साधारण १.४ टक्के. एवढा बारीक फरक पकडायला फक्त त्या दोघांच्याच सुमारे १९ हजार मतदारांना विचारावं लागलं असतं. एका मतदारसंघात! आणि जिल्ह्यात असे सात मतदारसंघ आहेत.

इथे बरेच जण विचारतात, लाखो मतदारांमधून चारशे जण कसे पुरतील? पुरतात. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं किती मोठं आहे हे आपण बघत नाही. नमुन्याची अचूकता मुख्यतः किती जणांना विचारलं यावर ठरते, मतदार एकूण किती यावर फारशी नाही. पण भात नीट ढवळलेला पाहिजे. खाली करपलेला आणि वर कच्चा असेल, तर वरचं शीत काय सांगणार?

आपल्याकडे हे कळायला पीक कापणी प्रयोग आठवा. पीक विम्यासाठी सगळी शेतं मोजत नाहीत. मोजकी शेतं निवडतात, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच सोयाबीन नाहीतर कापूस काढून वजन करतात. शेत कोणतं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं रँडम ठरलं पाहिजे. रस्त्याकडचं चांगलं शेत धरलं तर उत्पादन फुगतं आणि विम्याची भरपाई बुडते, हे कोणताही शेतकरी सांगेल. नमुन्यावरून पिकाचा अंदाज काढायच्या या पद्धती देशात रुजवणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मराठी संख्याशास्त्रज्ञ होते. नमुना पाहणीवरचं त्यांचं १९५४ चं पुस्तक जगभर वापरलं गेलं.

सर्व्हेतलं रस्त्याकडचं शेत म्हणजे बसस्थानकाजवळचा चौक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसा तिथे उभं राहून ४०० जणांना विचारा, कापूस वेचायला गेलेली बाई भेटणारच नाही. तांडा आणि पोड तर लांबच राहिले. मार्जिन ऑफ एररचं सूत्र फक्त योगायोगाची चूक मोजतं, चुकीच्या माणसांना विचारल्याची नाही. चुकीची माणसं दहापट केली तर आकडा जास्त ठाम दिसेल, बरोबर होणार नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. इन्स्टाच्या पोलवर दहा हजार व्होट पडले म्हणून भारावून जाऊ नका, त्याचं कारण हेच. ज्याला वाटलं त्याने टॅप केलं. त्याला नमुना म्हणत नाहीत.

बरं, टक्केवारी अगदी अचूक मिळाली तरी जागा वेगळंच सांगू शकतात. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांतला फरक एका टक्क्याहून कमी होता. जागा मात्र ३० आणि १७. मुंबई उत्तर पश्चिमला तर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. हे कोणता सर्व्हे आधी सांगणार होता? तरी एक्झिट पोलवाले तासाभरात जागांचे आकडे फेकतात, आणि आपण ते स्टेटसला ठेवतो.

‘यवतमाळ जिल्ह्याचा कौल’ असं लोकसभेच्या वेळी कुणी पाठवलं तर मला आधी हसू येतं. जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटला आहे. वणी आणि आर्णी चंद्रपूरमध्ये, उमरखेड हिंगोलीत, उरलेले चार यवतमाळ-वाशिममध्ये. मग कौल नक्की कुठला?

मी स्वतः फॉरवर्डमध्ये तीनच गोष्टी शोधतो. किती जणांना विचारलं, ते कसे निवडले, आणि आघाडी मार्जिनच्या दुपटीपेक्षा मोठी आहे का. पहिलीच गोष्ट लिहिलेली नसेल तर पुढे बघतही नाही.

२०२४ च्या विधानसभेला, २० नोव्हेंबरच्या आधी, मामेभावाने परत एक ग्राफिक पाठवलं. खाली त्याचाच मेसेज होता, “किती जणांना विचारलं ते लिहिलंच नाही. येतो मी.” आला, मत देऊन त्याच रात्री परत गेला. यवतमाळमध्ये या वेळी मांगुळकर जिंकले, अकरा हजारांहून जास्त मतांनी. त्याने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. ट्रॅव्हल्सवाल्याने किती घेतले ते मात्र त्याने तीनदा सांगितलं.